वार, वेळ आणि तास : कमवून शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा एक इतिहास

विद्यार्थ्याने शिकत असताना निर्वाहापुरते काम करावे आणि ते काम त्याला त्याच्याच विद्यालयाच्या आवारात मिळावे, ही कल्पना आज महाराष्ट्रातील विद्यापीठांत इतकी रुळली आहे की तिलाही इतिहास आहे ह्याचा विसर पडावा. ग्रंथालयात पुस्तके लावणारा, प्रयोगशाळेत काचसामान धुऊन ठेवणारा, बागेतील रोपांना पाणी घालणारा पदव्युत्तर विद्यार्थी आपणांस नवा नाही. काम आणि अभ्यास ह्यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्नही त्याच्या तोंडी आपण नेहमी ऐकतो. परंतु गरीब विद्यार्थी फार जुना असला, तरी हा प्रश्न तितका जुना नाही. मेळ घालावयाचा तर दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता आल्या पाहिजेत. ते माप केव्हा आले आणि ते येण्यापूर्वी विद्यार्थी आपले देणे कशाने फेडीत होता, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. लेखकाचा व्यवसाय भाषाविज्ञानाचा असल्यामुळे कागदपत्रांइतकीच साक्ष येथे शब्दांची काढली आहे. ह्या विषयात शब्द पुष्कळदा कागदापेक्षा अधिक बोलतात, असा अनुभव आहे.

प्रथम प्राचीनांकडे वळू. पाणिनीच्या सहाव्या अध्यायातील ‘गोत्रान्तेवासिमाणवब्राह्मणेषु क्षेपे’ ह्या सूत्रावर (६.२.६९) काशिकाकारांनी जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत ‘ओदनपाणिनीय’, ‘घृतरौढीय’, ‘कम्बलचारायणीय’ असे शब्द आहेत. भात मिळतो म्हणून पाणिनीचे शास्त्र शिकणारे, तूप मिळते म्हणून रौढीकडे जाणारे, घोंगडी मिळते म्हणून चारायणाचे शिष्य म्हणविणारे, असा त्यांचा अर्थ. ‘भिक्षामाणव’ हा शब्दही त्याच रांगेत बसला आहे. ह्या जातीचे शब्द महाभाष्यातही आढळतात. म्हणजे थट्टा बरीच जुनी आहे. सूत्राचा विषय स्वराचा आहे. निंदा अभिप्रेत असेल तेव्हा अशा समासांतील पूर्वपद आद्युदात्त होते, एवढेच पाणिनीला सांगावयाचे आहे. पण त्यामुळे एक सामाजिक गोष्ट अनायासे हाती लागते. पोटासाठी शिकणाऱ्याचा उपहास समाजात इतका नित्याचा होता की तो उच्चारातून ओळखू येई आणि व्याकरणकाराला त्याची नोंद घ्यावी लागली. ह्या विद्यार्थ्याला नाव मिळाले ते त्याच्या अन्नावरून. तो काय काम करीत होता हे नाव सांगत नाही.

पाली वाङ्मयातील चित्र थोडे निराळे आहे. तिलमुट्ठि जातकात (क्रमांक २५२) तक्षशिलेचा आचार्य नव्या शिष्याला विचारतो, की तू गुरूचा भाग, म्हणजे शुल्क, आणले आहेस की सेवा करून शिकणार आहेस. शुल्क देणारा तो ‘आचरियभागदायक’ आणि सेवा करणारा तो ‘धम्मन्तेवासिक’. पहिला आचार्यांच्या घरी थोरल्या मुलासारखा राहतो. दुसरा दिवसा आचार्यांची कामे करतो आणि रात्री शिकतो. येथे भिक्षा नाही, सरळ विनिमय आहे. दिवस गुरूचा आणि रात्र विद्येची, अशी वाटणीही आहे. मात्र ही वाटणी सूर्याने केलेली आहे. दिवसभर राबलेल्या शिष्याच्या रात्रीच्या पाठाचा दर्जा काय राहत असेल, हा प्रश्न कथाकाराला पडत नाही, कारण त्याचे लक्ष राजपुत्राकडे आहे. राजपुत्र अर्थातच शुल्क घेऊन आला होता.

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. पेशवाईच्या काळात आणि तिच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे महाराष्ट्रातील गरीब विद्यार्थ्याच्या निर्वाहाच्या दोन रीती सर्वपरिचित होत्या : माधुकरी आणि वार. माधुकरी म्हणजे झोळी घेऊन घरोघरी शिजलेले अन्न थोडेथोडे गोळा करणे. ‘मधुकर’ म्हणजे भुंगा. तो जसा एकाच फुलाला न ओरबाडता अनेक फुलांतून थोडा थोडा मध घेतो, तसे हे मागणे. शब्द मोठा सुंदर आहे, आणि सुंदर शब्दांविषयी इतिहासकाराने सावध असावे हे बरे. वाराची रीत अधिक बांधीव होती. सात दिवसांची सात घरे ठरवावयाची : सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, याप्रमाणे. ‘वार लावणे’, ‘वाराने जेवणे’, ‘वार चुकणे’ हे वाक्प्रचार त्यांतूनच आले. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास. येथे ‘वार’ ह्या शब्दाचा अर्थ दिवस असा राहिलेला नाही, तो त्या दिवशीचे जेवण असा झाला आहे. कालवाचक शब्दाने अन्नाचा अर्थ घेतला, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

वाराने जेवणारा विद्यार्थी त्या जेवणाबद्दल काय देत असे? रीतीप्रमाणे काहीच नाही. अन्नदानाचे पुण्य गृहस्थाला लागे आणि तेवढ्यावर हिशेब मिटे. प्रत्यक्षात मात्र पूजेची फुले आणणे, पाणी भरणे, लहान मुलांचा पाढे-परवचा घेणे, निरोप पोचविणे अशी कामे त्याच्याकडे सहज येत. ह्या कामांना नाव नव्हते, प्रमाण नव्हते आणि नकारही नव्हता. कामाचे मोल ठरलेले नसल्यामुळे ते कधी फिटतही नसे. उपकार आणि मजुरी ह्यांतला भेद नेमका येथे आहे. मजुरी संध्याकाळी संपते, उपकार जन्मभर शिल्लक राहतो. त्यातच एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शाळा आली. गृहस्थाच्या घरी नैवेद्य झाल्याशिवाय पान वाढले जात नसे, आणि शाळेची घंटा तर घड्याळावर वाजे. सोवळ्यातील स्वयंपाकाची वेळ आणि शाळेची वेळ ह्यांत सापडलेला मुलगा हा, आमच्या मते, महाराष्ट्रातील पहिला विद्यार्थी, की ज्याच्यापुढे निर्वाह आणि अभ्यास ह्यांचा मेळ घालण्याचा प्रश्न आजच्या अर्थाने उभा राहिला.

असे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. केंब्रिज येथील विद्यालयांत ‘साइझर’ नावाचा विद्यार्थ्यांचा एक वर्ग असे. श्रीमंत विद्यार्थ्यांची व अध्यापकांची टहल करावी, पंक्तीत वाढावे आणि त्याबदली स्वस्तात किंवा फुकट शिकावे, अशी ती व्यवस्था होती. आयझॅक न्यूटन १६६१ मध्ये ट्रिनिटी विद्यालयात दाखल झाला तो ‘सबसाइझर’ म्हणून, म्हणजे त्या वर्गाच्याही खालच्या पायरीवर. हा शब्द ज्या ‘साइझ’ पासून आला, त्याचा तेथील विद्यालयांतील अर्थ ठरावीक मापाचा शिधा, रोटी आणि पेय, असा होता. ऑक्सफर्डला अशाच विद्यार्थ्याला ‘सर्व्हिटर’ म्हणत. एका विद्यापीठाने त्याला अन्नावरून नाव दिले, दुसऱ्याने चाकरीवरून. डब्लिनच्या ट्रिनिटी विद्यालयात साइझर असलेल्या ऑलिव्हर गोल्डस्मिथला वेगळा जाडाभरडा झगा आणि तांबडी टोपी घालावी लागे. काम करणे हे तेथे दुःखाचे मूळ नव्हते. ते काम वेषावरून दुरून ओळखू यावे, हे दुःख होते. ओदनपाणिनीयाच्या आद्युदात्ताचेच ते दृश्य रूप म्हणावयास हरकत नाही.

पेशव्यांच्या दक्षिणेचे रूपांतर ह्या संदर्भात फार बोधक आहे. श्रावणमासात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी राज्य आल्यावर एकदम बंद झाली नाही. तिचा काही भाग १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळला. पुढे काही भाग ग्रंथांच्या पारितोषिकांकडे आणि मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (१८५७) काही भाग ‘दक्षिणा फेलो’ ह्या पदाकडे गेला. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे १८६२ साली पदवी घेणाऱ्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या चौघा पदवीधरांपैकी होत, आणि दोघेही दक्षिणा फेलो होते. खालच्या वर्गांना शिकवावे आणि स्वतः पुढचा अभ्यास करावा, असे त्या पदाचे स्वरूप. ‘दक्षिणा फेलो’ हा जोडशब्दच पाहा. पूर्वपद रमण्यातले, उत्तरपद केंब्रिजमधले. पण अर्थ पूर्ण बदललेला आहे, कारण दक्षिणेला आता काम चिकटले आहे, आणि काम संपले की दक्षिणा थांबते. महाविद्यालयाच्या आवारातील सवेतन विद्यार्थी-कर्मचारी महाराष्ट्राला प्रथम दिसला तो येथे.

त्याबरोबर एक अडचणही दिसली. पगार देणारा आणि परीक्षा घेणारा आता एकच झाला. रानड्यांनी विद्यार्थिदशेत एका निबंधात मराठी राज्याची व ब्रिटिश राज्याची तुलना ब्रिटिशांना रुचणार नाही अशा रीतीने केली, म्हणून एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट ह्यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ग्रँट हे रानड्यांविषयी अनुदार नव्हते, तरीही हे घडले. वाराच्या गृहस्थाला विद्यार्थ्याच्या निबंधाशी काही कर्तव्य नव्हते. विद्यालय हेच जेव्हा धनी होते तेव्हा निबंधाचीही किंमत मोजावी लागू शकते. आवारातील कामाचा हा एक अंगभूत धोका आहे. पुढे आपण त्याकडे पुन्हा येऊ.

ज्यांना फेलोचे पद मिळण्याजोगे नव्हते त्यांना शिकवण्यांचा मार्ग होता. धोंडो केशव कर्वे ह्यांनी मुंबईत महाविद्यालयीन शिक्षण घेताना शिकवण्या करून खर्च चालविला. ‘शिकवणी’ हा शब्दही तासाचा आणि मोबदल्याचा आहे, म्हणून नव्या जगातला. परंतु ती आवाराबाहेरची गोष्ट असल्यामुळे येथे तिचा अधिक विस्तार करीत नाही.

इथपर्यंतचा सगळा इतिहास एका भिंतीच्या आत घडला आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. वार लावावयाचा तर ज्याच्या पंक्तीला किंवा निदान ओसरीवर बसता येईल असे घर लागते. कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलाला पुण्यात सात घरे कोठून मिळणार? माधुकरीचे भावपूर्ण वर्णन करणाऱ्यांनी हा प्रश्न क्वचितच विचारला आहे. जातीच्या ह्या भिंतीला पहिले मोठे भगदाड कोल्हापुरास पडले. राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने १९०१ पासून तेथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. त्यांना लोक ‘बोर्डिंग’ म्हणू लागले. इंग्रजी ‘बोर्ड’ म्हणजे फळी, मेज, आणि त्यावरून मेजावरचे जेवण. तेव्हा हाही शब्द मुळात अन्नाचाच. पण येथे अन्न संस्थेचे होते, कोणा यजमानाचे नव्हते.

कोल्हापुरातील अशाच एका बोर्डिंगात, जैन बोर्डिंगात, शिकत असलेला एक विद्यार्थी पुढे ह्या प्रश्नाला निराळेच वळण देणार होता. भाऊराव पायगोंडा पाटील (जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज, मृत्यू ९ मे १९५९) ह्यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला भेट दिली, आणि छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस ह्या नावाने ते प्रसिद्ध झाले. महार, मराठा, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी मुले एका पंक्तीस जेवू लागली, ह्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या पंक्तीचे अन्न कोण शिजवीत होते, त्यासाठी जळण कोण आणीत होते, ह्याची चर्चा त्या मानाने कमी झाली. ती कामे मुलेच करीत. स्वयंपाक, दळण, गवत कापणे, शेत, बाग, विहीर, बांधकाम ह्या सर्वांत त्यांचे श्रम होते. लक्ष्मीबाई पाटील ह्यांनी मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही हकिगत महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही. मात्र संस्था मंगळसूत्रावर चालत नाही. ती चालली ती मुलांच्या नित्याच्या श्रमावर.

भाऊरावांनी ह्या पद्धतीला स्वावलंबन म्हटले आणि लोकांच्या तोंडी ‘कमवा आणि शिका’ हे वाक्य बसले. त्याची रचना थोडी न्याहाळण्याजोगी आहे. दोन क्रिया एकाच कर्त्याच्या असल्या म्हणजे मराठी भाषा सहसा ऊन-प्रत्ययान्त रूप वापरते : हात धुऊन जेव, वाचून सांग. त्या वळणाने येथे ‘कमवून शिका’ असे वाक्य अपेक्षित होते. तसे झाले असते तर कमावणे हे शिकण्याचे केवळ साधन, व्याकरणदृष्ट्या गौण, ठरले असते. उलट ‘शिका आणि कमवा’ म्हटले असते तर आधी पदवी आणि मग नोकरी, हा रूढ पांढरपेशा क्रम सूचित झाला असता. ‘कमवा आणि शिका’ ह्या रचनेत दोन्ही आज्ञार्थ समान दर्जाचे आहेत, आणि त्यांना जोडणारे अव्यय म्हणजेच सगळ्या प्रयोगाचे मर्म आहे. ‘कमावणे’ हा धातूही साधा नाही. संस्कृत ‘कर्म’, प्राकृत ‘कम्म’ ह्यांच्याशी त्याचे नाते आहे. कातडे कमावतात, शरीर कमावतात. दोन्ही ठिकाणी पैशाचा संबंध नाही, मेहनतीने कच्च्याचे पक्के करण्याचा आहे. भाऊरावांना लोकांनी ‘कर्मवीर’ म्हटले. ती पदवी आणि हा धातू एकाच कुळातले आहेत, हे म्हणणारांच्या ध्यानात बहुधा नसेल.

आता मापाच्या प्रश्नाकडे येऊ. मराठीत ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत चालतो. ‘जेवणाची वेळ झाली’, ‘ती वेळ निराळी होती’ येथे तो स्त्रीलिंगी असून नेमका क्षण किंवा प्रसंग दाखवितो. ‘माझा वेळ गेला’, ‘त्याने वेळ दिला’ येथे तो पुल्लिंगी असून कालाचा विस्तार, जो खर्च करता येतो, देता येतो, वाया घालविता येतो, तो दाखवितो. वाराच्या विद्यार्थ्याचे सारे जीवन स्त्रीलिंगी वेळेवर अवलंबून होते. यजमानाच्या घरी पानावर बसण्याची वेळ चुकली की दिवस गेला. ‘दोन वेळचे जेवण’ ह्या प्रयोगात तर वेळ आणि जेवण जवळजवळ एकरूप झाले आहेत. कमवा-शिका योजनेतील विद्यार्थी पुल्लिंगी वेळ घेऊन येतो. तो वेळ त्याचा स्वतःचा आहे, त्यातला काही तो संस्थेला देतो आणि उरलेला राखून ठेवतो. उपकाराच्या व्यवस्थेतून मोबदल्याच्या व्यवस्थेकडे झालेला प्रवास मराठीने एका लिंगभेदात साठवून ठेवला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

ह्या वेळाचे एकक ‘तास’. शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ धातूचे पात्र असा; त्यावरून वाजवावयाची थाळी आणि थाळीवरील ठोक्याने मोजलेला काळ. घंटा ऐकून चालणाऱ्या शाळेने तो उचलला आणि ‘इतिहासाचा तास’, ‘पहिला तास’ असा त्याचा अध्यापनातील अर्थ रूढ झाला. पुढे मजुरीही तासावर मोजली जाऊ लागली. परिणाम असा, की आजचा विद्यार्थी सकाळी दोन तास ग्रंथालयात काम करतो आणि नंतर चार तास वर्गात बसतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच शब्दाने सांगतो. येथे काम आणि अभ्यास प्रथमच एकाच तराजूत पडले, आणि मेळ घालणे ही नशिबाची गोष्ट न राहता गणिताची झाली.

महाविद्यालयाच्या पातळीवर हे गणित दोन रीतींनी मांडले गेले, आणि दोन्ही मांडण्या महाराष्ट्रात जवळजवळ एकाच वेळी झाल्या. साताऱ्यास १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय ह्याच स्वावलंबनाच्या तत्त्वावर निघाले. तेथे विद्यालय हेच कामाचे ठिकाण होते. अभ्यासक्रमाचे तास ठरलेले, आणि काम त्यांच्या अवतीभोवती बसवावयाचे. ह्याच्या एक वर्ष आधी, २० जून १९४६ रोजी, मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथे सकाळच्या सत्रात वर्ग भरत, ते नोकरी करणाऱ्या तरुणांची सोय पाहून. कचेरीचे तास ठरलेले, आणि वर्ग त्यांच्या आधी बसवावयाचे. साताऱ्याने काम हलविले, सिद्धार्थने वर्ग हलविले. खेडेगावात नोकरी नव्हती, म्हणून संस्थेलाच काम निर्माण करणे भाग होते. मुंबईत नोकरी होती, पण ती असलेल्याला दिवसाच्या महाविद्यालयात पाऊल ठेवता येत नव्हते. दोन्ही प्रयोगांकडे जातिनिर्मूलनाच्या व शिक्षणप्रसाराच्या इतिहासात पाहिले जाते ते योग्यच आहे. परंतु वेळापत्रक ही कोणाच्या सोयीने आखलेली वस्तू आहे, हा प्रश्न त्यांनी उच्चशिक्षणात प्रथम उपस्थित केला, ही त्यांची कामगिरी स्वतंत्रपणे नोंदविण्याजोगी आहे. अकराची घंटा ही निसर्गाने दिलेली नाही, कोणा एका वर्गाच्या घरातील जेवणाच्या वेळेशी तिचे साटेलोटे आहे, हे त्या विद्यार्थ्यांना कोणी समजावून सांगावे लागले नसेल.

साताऱ्याच्या प्रयोगाचा वारसा पुढे विद्यापीठांकडे आला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासाचे अभ्यासक होते; त्यांच्या प्रेरणेने तेथे ‘कमवा व शिका’ योजना रुजली. पुणे विद्यापीठाने, म्हणजे २०१४ पासूनच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने, आपल्या योजनेला कर्मवीरांचेच नाव दिले. बोर्डिंगातील सामूहिक श्रमाची जागा येथे तासागणिक मानधनाने आणि हजेरीपटाने घेतली. काहींना ही मूळ कल्पनेची घसरण वाटते. त्यांचे म्हणणे असे, की साताऱ्याचा मुलगा आपली विहीर आपण खणीत होता, आजचा विद्यार्थी फक्त तास भरतो. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. स्वतःची विहीर खणण्यात जे समाधान आहे ते पुस्तकांवर क्रमांक चिकटविण्यात नाही, हे मान्य. पण हजेरीपटाने विद्यार्थ्याला एक गोष्ट दिली, जी विहिरीने दिली नव्हती : काम कोठे संपते ते लिहिलेले असते, आणि ते संपल्यावर तो कोणाचा ऋणी नसतो.

पाश्चात्त्य देशांतही हेच माप अखेर रूढ झाले. अमेरिकेतील केंटकी राज्यात १८५५ साली स्थापन झालेल्या बेरिया महाविद्यालयात १८९२ पासून शिक्षणशुल्क घेतले जात नाही. तेथील प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून निदान दहा तास काम करावे लागते, मग तो कोणत्याही विषयाचा असो. श्रीमंत-गरीब असा भेद कामावरून ओळखू येऊ नये, ही त्यातील खुबी आहे. तांबड्या टोपीला दिलेले ते उत्तर म्हणावे. १९६४ च्या आर्थिक संधी कायद्याने विद्यार्थ्यांच्या अर्धवेळ कामाला केंद्र सरकारचे साहाय्य मिळू लागले आणि आवारातील काम ही सर्वत्र आढळणारी गोष्ट झाली. आज तेथे शिकणारा मराठी विद्यार्थी ग्रंथालयात किंवा भोजनगृहात काम करतो तेव्हा सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा त्याला परवान्याच्या अटीनेच घातलेली असते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर मिळेल ती मजुरी करीत शेतकीचे शिक्षण घेत होते, तेव्हा अशी मर्यादा नव्हती आणि संरक्षणही नव्हते. अलेक्झांडर अॅस्टिन ह्या शिक्षणशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये विद्यार्थ्यांच्या गळतीविषयी केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की आवारातील अर्धवेळ काम विद्यार्थ्याला महाविद्यालयात टिकून राहण्यास साहाय्यक ठरते, आणि बाहेरची पूर्णवेळ नोकरी त्याच्या उलट परिणाम करते. कारण उघड आहे : आवारात काम करणाऱ्याचा उरलेला वेळही आवारातच जातो. वसतिगृहातील अध्यापकांनी हे निष्कर्षाविनाही ओळखले असावे.

प्रश्न उरतो तो कामाच्या स्वरूपाचा, आणि येथे मघाचा धोका पुन्हा समोर येतो. तास मोजले म्हणून उपकाराची भाषा आपोआप जात नाही. विभागात खरोखर गरज असलेले काम विद्यार्थ्याकडे असेल तर तो कर्मचारी असतो. कामच नसताना त्याला बसवून ठेवले तर ती वेष पालटलेली माधुकरी होते. आणि अध्यापकाने आपली खाजगी कामे त्याच्याकडून करून घेतली तर तो धम्मन्तेवासिक होतो, फक्त रात्रीच्या पाठाची हमी नसलेला. हे तिन्ही प्रकार एकाच हजेरीपटावर एकाच शाईने लिहिता येतात. म्हणून योजनेचा इतिहास लिहिताना तासांची बेरीज पुरेशी नाही. कोणते काम, कोणाचे आणि कोणत्या तासाला, हेही पाहिले पाहिजे. परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात काम कमी करण्याची मुभा कोणाला मिळते आणि कोणाला मागावी लागते, एवढ्या एका गोष्टीवरून त्या विभागातील वाराचे घर आणि बोर्डिंग ह्यांतील अंतर मोजता येईल.

शेवटी भाषेतील एका अलीकडच्या बदलाची नोंद करणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘कमवा आणि शिका’ हे वाक्य आता वाक्य राहिलेले नाही. त्यातील अव्यय गळून ‘कमवा-शिका’ असे नाम झाले आहे आणि त्याला विभक्तिप्रत्ययही लागतात : ‘तो कमवा-शिकात आहे’, ‘मी यंदा कमवा-शिकाला नाव दिले’. आज्ञार्थाचे नाम होते तेव्हा आज्ञा करणारा नाहीसा होतो. कोणी कोणाला उपदेश करीत नाही, एका व्यवस्थेचे ते केवळ नाव उरते, जसे एखाद्या कचेरीचे असते. भाऊरावांचा आवाज त्यातून गेला, ह्याचे कोणाला वाईट वाटेल. परंतु महिनाअखेरीस व्हरांड्यात एक विद्यार्थी दुसऱ्याला ‘कमवा-शिकाचे आले का?’ असे विचारतो तेव्हा ‘पैसे’ हा शब्दही तो उच्चारीत नाही, संकोच म्हणून नव्हे तर गरज नाही म्हणून. त्या प्रश्नात ओदन नाही, घृत नाही, वार नाही. त्याने दिलेल्या तासांचे येणे आहे, आणि ते वेळेवर आले नसेल तर ह्या खेपेस थकबाकीदार विद्यार्थी नसून संस्था आहे.